छत्तीस पॉइंट चार

ग्योतोकु
२९ मार्च २०२१

प्रिय जया,

सहा मार्चच्या सकाळी मी पहिल्या गाडीने निघालो. नंदिनी आणि संपदा झोपल्या होत्या. फोटोतल्या रवळनाथापुढे उदबत्ती लावली, मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं आणि दार हळूच ओढून घेतलं. डब्यात माझ्यासकट चार माणसं होती, चौघंही चार कोपऱ्यांत. दोन गाड्या बदलून दीड तास. एवढ्या लांब मी कशाला चाललो होतो, तर एका कागदावर शिक्का मारायला.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. लिहिल्याशिवाय मला नीट दिसत नाही. ऑफिसच्या चॅटवर हे लिहायचं नाही, म्हणून हाताने लिहून पोस्टात टाकतो आहे.

शिराकाबा या आइस हॉकी संघाच्या खेळाडूंचं आणि रिंकवरच्या कामगारांचं रोजचं तापमान नोंदवायची सिस्टिम आपल्या कंपनीने केली. म्हणजे मी बांधली आणि माझा साहेब म्हणून तू त्यांना विकलीस. प्रत्येकाने सकाळी आपला आकडा फोनवरून भरायचा, साडेसदतीसच्या वर असेल त्याने रिंकमध्ये यायचं नाही. कागद लागू नये म्हणून तर हे सगळं केलं होतं. पण लीगचा माणूस म्हणाला, शिक्क्याशिवाय कागद कसा चालेल? मग तीच नोंद छापायची, ‘तयार करणारा’ या चौकटीत माझा शिक्का, शेजारच्या ‘तपासणारा’ या चौकटीत तुझा. साथीत लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून बनवलेल्या यंत्रणेसाठी मी साथीत दर सामन्याला घराबाहेर पडत होतो. आपण दोघं यावर किती हसलो होतो, आठवतं?

त्या दिवशी अंतिम मालिकेतला तिसरा सामना होता. पाच सामन्यांपैकी दोन झाले होते, एक शिराकाबाने जिंकलेला, एक उत्तरेकडच्या संघाने. सकाळी पावणेसातला मी गाडीतच माझ्या फोनवर यादी पाहिली. एका नावापुढे ताप दाखवणारा आकडा होता. कोणाचा आणि किती, ते इथे लिहीत नाही, तो त्या मुलाचा खाजगी मामला आहे. मला वाटलं, बिचारा आज घरी बसणार. रिंकवर पोचून यादी छापली तर त्याच नावापुढे छत्तीस पॉइंट चार.

मी तुला फोन केला. तू म्हणालास, थर्मामीटर बिघडलं होतं, त्यांनी पुन्हा मोजलं, ओकाबे-सानने मला कळवलंय, तू शिक्का मार. ओकाबे-सान, त्यांचा मॅनेजर, दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी शिक्का मारला. तुझी चौकट रिकामीच होती, तुझा शिक्का सोमवारी पडायचा. तरी अकरा वर्षांपूर्वी तूच शिकवल्याप्रमाणे मी तो डावीकडे थोडा झुकवून मारला, वरच्या साहेबाच्या शिक्क्याला नमस्कार केल्यासारखा. सवय आहे.

नंतर मी मोरिता-सानच्या खोलीत गेलो. बर्फावर मशीन चालवून तो गुळगुळीत करणारा म्हातारा, सदुसष्ट वर्षांचा, तुला आठवत असेल, मला नेहमी गरम कॉफीचा डबा द्यायचा. तो स्केटना धार लावत होता. समोर स्टुलावर तोच मुलगा बसला होता, ज्याचा आकडा मी पाहिला होता. मास्क हनुवटीखाली, डोळे लाल, अंगाभोवती टॉवेल. अर्धा तास तरी तो तिथे बसला असेल. मोरिता-सानने त्याला आपली शाल दिली. मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

सामना ते जिंकले. प्रेक्षकांना ओरडायची बंदी, फक्त टाळ्या. एवढ्या मोठ्या जागेत स्केटचा खरखराट आणि कुणीतरी खोकलेलं स्पष्ट ऐकू यायचं.

पुढचं तुला माहीत आहे. चौथा हरले, पाचवा जिंकले, कप मिळाला. मग सहा खेळाडू आजारी पडले. मोरिता-सानला अकरा तारखेला ताप आला आणि आज तो नळ्या लावून पडला आहे. खेळाडू सगळे बरे झाले. आणि बावीस तारखेला क्लबने पत्रक काढलं: ‘रोजच्या आरोग्य नोंदींनुसार ११ मार्चपूर्वी कोणत्याही खेळाडूस लक्षणे नव्हती. संसर्ग एका कंत्राटी कामगाराच्या खाजगी वर्तनातून आला असावा.’ रोजच्या आरोग्य नोंदी म्हणजे माझा कागद. माझा शिक्का.

ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही. तोंडाला सारखं पाणी सुटतं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. ऑफिसात शिरताना हातावर ते औषध मारतो ना, त्याचा वास आला तरी पोटात ढवळतं. खेळाडूंच्या खोलीत घामाने कुजलेल्या पॅडची किती घाण येते! तिने मला कधी काही झालं नव्हतं.

जया, आकडा ओकाबेने बदलला असणार. व्यवस्थापकाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. तू त्याला विचार. तुझं ते ऐकतात. पत्रक मागे घ्यायला लाव.

तुझा,
हरीश


योकोहामा
४ एप्रिल २०२१

प्रिय हऱ्या,

तुझं पत्र पाहून कल्पना म्हणाली, कोण वारलं? हल्ली हाताने लिहिलेला लिफाफा त्याचसाठी येतो. मी म्हटलं, कोणी नाही, आमच्या गुरवाला निबंध सुचलाय.

नीट ऐक. तू थकला आहेस. वर्षभर आपण सगळेच चार भिंतींत कोंडून बसलोय, डोकी फिरली आहेत. मला तर आमच्या बाल्कनीतल्या कुंडीशी बोलायची सवय लागली आहे, आणि ती उत्तर देत नाही हे बरंच आहे. थोडी रजा टाक. फुनाबोरीला देवदत्तकडे जा, तो टेरेसवर टोमॅटो लावतोय म्हणे, दोन दिवस त्याची माती उकर.

ओकाबे-सानशी मी बोललो. तो म्हणतो, पुन्हा मोजलं तेव्हा नॉर्मल आलं. संपलं. हॉकीवाल्यांचं अंग असं तापतंच रे, पोरगा धावत आला असेल. गोलकीपरला सकाळी सदतीस पॉइंट नऊ होणं म्हणजे काही आकाश कोसळणं नव्हे. आपल्या गावात एवढ्या तापात माणसं भात लावायची.

मोरिता-सानबद्दल मलाही वाईट वाटतं. पण त्याला तो आजार कुठे लागला हे देवाला ठाऊक. स्टेशनवर, सुपरमार्केटात, पाचिंकोच्या त्या खणखणत्या जुगाराच्या दुकानात. क्लबने ‘असावा’ असं लिहिलंय, ‘आहे’ असं नाही. जपानी कागद वाचायला तुला अजून शिकवायला हवं.

आता मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. तुझा करार जूनमध्ये रिन्यू व्हायचाय. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज कंपनीच्या पत्रावर उभा आहे. संपदाचं पुढच्या वर्षी हायस्कूल. ती मराठीत उत्तर तरी देते का तुला? तिला या वयात उचलून कुडाळला नेणार आहेस? आणि सध्या तिकडे काय चाललंय ते बातम्यांत बघतोसच. आपल्या विभागात तीस माणसं आहेत, त्यांचाही विचार कर. शिराकाबा हे आपलं पहिलं मोठं नाव. त्यांच्यामुळे आणखी दोन संघ आपल्याकडे येतायत.

हे पत्र वाचून फाडून टाक. जळणाऱ्या कचऱ्यात, मंगळवारी.

तुझा,
जया

ता. क. क्लबने सगळ्यांना कपाच्या आनंदात मांजू पाठवलेत, आत गोड वाटाण्याचं पुरण. मस्त आहेत. नंदिनीला आवडतील.


ग्योतोकु
१२ एप्रिल २०२१

प्रिय जया,

मांजू आले. पॅकेटवर कप उंचावलेल्या संघाचा फोटो. संपदाने एक खाल्ला. मी उचलला आणि तो हातात मऊ लागल्याबरोबर परत ठेवला. उरलेले मी जळणाऱ्या कचऱ्यात टाकले. नंदिनीला अन्न टाकलेलं चालत नाही, पण तिने नुसती पिशवीला गाठ मारली.

तुझं पत्र मात्र फाडलं नाही.

मी काल मोरिता-सानच्या घरी गेलो होतो. रिंकच्या मागे दोन गल्ल्या सोडून घर आहे. शटरवर कागद चिकटवले होते, एक फाडला की त्याखाली दुसरा असावा असे थर झाले होते. ‘बाहेर पडू नका.’ ‘गावाचा कप नासवलात.’ एकावर नुसतं पाचिंकोच्या दुकानाचं नाव. अक्षर सुबक होतं, ओळी सरळ. शाळेत सुंदर हस्ताक्षराबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं असेल अशा माणसांनी ते लिहिलं असणार. मी ते वाचत उभा राहिलो आणि मला गटाराशी वाकून उलटी करावी लागली. सकाळचा चहा, दुसरं काही नव्हतं पोटात.

त्यांची बायको सुमिए-सान. तिने दार अर्धवट उघडलं. मी कोण, कुठल्या कंपनीतला, ते सांगितलं. आणि जया, ती उंबऱ्यावर गुडघे टेकून, कपाळ खाली लावून माझी माफी मागायला लागली. आमच्यामुळे तुमच्या कामाला फार त्रास झाला म्हणाली. माझ्या! मला बसता येईना, उभं राहता येईना. मी तिला उठा म्हणालो तर ती आणखी वाकली.

मग चहा दिला, दोन मीटर लांब ठेवून. हॉस्पिटलात तिला नवऱ्याला भेटू देत नाहीत. फोनवर नर्स त्यांच्या कानाशी रिसीव्हर धरते आणि ही इकडून बोलते. पाचिंकोला ते कधीही गेलेले नाहीत. त्यांना आवाजाचा त्रास होतो, म्हणून तर आयुष्यभर बर्फावर काम केलं म्हणाली. बर्फ शांत असतो.

तिने भरपाई मागितली नाही, वकिलाचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “त्या आठवड्यात ते कुणाजवळ होते, हे कळलं तर बरं होईल. कुणावर रागवायचं नाही मला. पण त्यांनी गावात आजार आणला नाही, हे एकदा कुणीतरी म्हणायला हवं. त्यांना घरी आणायचंय ते त्याआधी नको.”

मी तिथे तोंड उघडलं नाही. घरी येताना गाडीत तुझं पत्र पुन्हा वाचलं.

मी तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत ठेवतो, शाळेपासूनची सवय. एकोणतीस मार्चच्या पत्रात तो मुलगा गोलकीपर होता असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आकडाही लिहिलेला नाही, मुद्दाम लिहिला नव्हता. तू दोन्ही लिहिलेस. तुला ओकाबेने सांगितलं असेल, असं मी स्वतःला स्टेशनपासून घरापर्यंत सांगत आलो.

पण आज सकाळी मी ते पाहिलंच, जे दोन आठवडे पाहायला भीत होतो. आपल्या सिस्टिममध्ये आकडा बदलला तरी जुना पुसला जात नाही, खाली राहतो, कोणत्या मशीनवरून आणि कधी बदलला त्यासकट. मीच तसं बांधलं आहे. त्या मुलाने स्वतः सहा चाळीसला सदतीस पॉइंट नऊ भरला होता. खरं लिहिलं होतं त्याने. सात बाराला तो छत्तीस पॉइंट चार झाला. रिंकवरून नाही. गेल्या जूनमध्ये ज्या लॅपटॉपची मांडणी मी योकोहामाला तुझ्या जेवणाच्या टेबलावर बसून केली होती, त्यावरून. कल्पनावहिनींनी त्या दिवशी शिरा केला होता.

मला सांग, की तो लॅपटॉप त्या सकाळी दुसऱ्या कुणाकडे होता.

हरीश


योकोहामा
२० एप्रिल २०२१

हरीश,

नव्हता. माझ्याकडेच होता.

ओकाबेने सात वाजता फोन केला. रडकुंडीला आला होता. गोलकीपर बसला की मालिका गेली, आणि एकाचा ताप जाहीर झाला की लीग सगळ्यांची टेस्ट करणार, सामना रद्द, मालिका रद्द. टीव्हीवाले आलेले, नगरपालिकेचा माणूस आलेला. तो पासवर्ड वापरायला घाबरत होता. म्हणाला, तुम्ही करा, तुम्हाला जमतं. मला जमतं. मी चहा पीत एक आकडा बदलला. खून नाही केला.

आता तुझ्या त्या पवित्र पोटदुखीबद्दल. तुला शिसारी येते, उलटी होते, शिक्का मारताना आली नाही का रे? आकडा तूही पाहिला होतास. पोराला टॉवेल गुंडाळून बसलेलं पाहिलंस, म्हाताऱ्याला शाल देताना पाहिलंस. तेव्हा तुझा रवळनाथ कुठे होता? फोटोत? मी योकोहामात होतो. तिथे तू होतास.

आणि तो कागद. त्या सकाळी त्यावर एकच शिक्का आहे, तुझा. माझा सोमवारी पडला, म्हणजे मी विश्वासाने मागाहून सही करणारा साहेब. कुणी विचारलंच तर कागद तुझ्याकडे बोट दाखवतो. मी धमकी देत नाही, जपानी कागद कसा वाचतात ते शिकवतोय.

राहिली गोष्ट घराण्याची. तुझ्या वडिलांनी बंधाऱ्याच्या वेळी काय केलं ते आमच्या घरात माहीत आहे. खोतांनी देवाला विचारलं, बंधारा वरच्या अंगाला घालावा का. देवाला चिकटवलेला फुलाचा कळा डावा पडला, म्हणजे नकार, आणि गुरवबाबांनी उजवा पडला म्हणून सांगितलं. माझे वडील शेजारी उभे होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. देवाचा कौल फिरवणाऱ्याच्या पोराने मला थर्मामीटर शिकवू नये.

सोड आता. मोरिता सुधारतोय असं ओकाबे म्हणत होता. तो घरी येईल, लोक विसरतील, पुढच्या सीझनला तूच त्याच्याकडून कॉफी पिशील.

जयप्रकाश


ग्योतोकु
१४ मे २०२१

प्रिय जया,

मोरिता-सान सत्तावीस एप्रिलला गेले. ओकाबेने तुला कळवलं असेल किंवा नसेलही. सुमिए-सानला चेहरा पाहू दिला नाही. दोन अनोळखी माणसांनी दाराबाहेर अस्थींचा डबा ठेवला, घंटी वाजवली आणि मागे सरकून उभे राहिले.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. मी आकडा पाहिला होता. शिसारी मला तुझी आली असं मी समजत होतो. पत्र वाचल्यावर कळलं की तोंडात जी चव आहे ती माझीच आहे. तिथे मी होतो. हे तू रागाने लिहिलंस, पण माझ्यावर उपकार केलेस.

पण बाबांबद्दल तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं गावात कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहितो.

कळा डावा पडला आणि बाबांनी उजवा सांगितला, हे खरं. खोत समोर बसले होते, बाबा घाबरले. बंधारा वर बांधला, दुसऱ्याच पावसाळ्यात तो फुटला आणि खालच्या वाडीतलं एक घर वाहून गेलं. माणसं वाचली, गुरं गेली. गावाला वाटलं, देवाचीच इच्छा. बाबांनी मात्र त्या दिवसापासून कौल लावला नाही, ते काम काकांकडे दिलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मरायच्या आधी आठ दिवस त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, “माका दिसला ता मी सांगूक नाय.” मी म्हटलं, बाबा, इतकी वर्षं झाली. तर म्हणाले, “झाली. पण मी देवाक सोडून कोणाक सांगूक नाय, आणि देवाक आधीच ठावक होता.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. वाटलं, म्हातारपणी बोलतात काहीतरी. महिनाभर मी रोज सकाळी उदबत्ती लावून रवळनाथाला हेच सांगत होतो, चूक झाली, सांभाळून घे. रोज थोडं बरं वाटायचं आणि दुपारचा डबा पुन्हा तसाच घरी परत यायचा. एके दिवशी कौल मागावा असंही मनात आलं. फूल पाण्यात बुडवलं, फोटोच्या काचेला लावायला हात वर केला आणि थांबलो. विचारायचं काय होतं? मला ठाऊक नव्हतं असं काही शिल्लकच नव्हतं. देवालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सुमिए-सानला.

नंदिनीला त्याच दिवशी सगळं सांगितलं, करार, व्हिसा, संपदाची शाळा, सगळं. तिने भांडी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग तिने त्या कागदाची माझ्याकडची प्रत मागितली, चष्मा लावून पाहिली.

“हा तुमचा शिक्का?” म्हणाली. “वाकडा का आहे?”

मी सांगितलं, वरच्या साहेबाला नमस्कार म्हणून असा झुकवायचा असतो.

“पण शेजारची चौकट तर रिकामी आहे.”

 तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. “तुम्ही महिनाभर जेवत नाही आहात. संपदालाही दिसतं ते, नुसतं बोलत नाही. जायचं तर जा, पण अर्धं सांगून परत येऊ नका.” एवढं म्हणून ती पुन्हा भांडी पुसायला लागली.

काल गुरुवारी मी निघालो, पुन्हा पहिल्या गाडीने. आधी सुमिए-सानकडे. शटरवरचे कागद आता कमी होते, पावसाने लोंबलेले. माणूस मेल्यावर लोकांना लाज वाटली असेल, किंवा कंटाळा आला असेल. तिने मला आत घेतलं. अस्थींचा डबा पांढऱ्या कापडात, समोर मोरिता-सानचा फोटो, रिंकवरची टोपी आणि कॉफीचा एक डबा.

मी या वेळी तिच्या आधी वाकलो. मग सांगितलं. संघातल्या एका खेळाडूला त्या सकाळी ताप होता, त्याने तो खरा नोंदवला होता, आमच्या कंपनीत तो खोडला गेला, मला ते दिसलं होतं आणि तरीही मी शिक्का मारला. तो खेळाडू अर्धा तास तुमच्या नवऱ्याजवळ बसला होता. त्याला थंडी वाजत होती म्हणून तुमच्या नवऱ्याने त्याला आपली शाल दिली. नाव सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, रविवारी एक उंच मुलगा मास्क लावून रस्त्यापलीकडे येतो, वाकून उभा राहतो आणि जातो. मला वाटायचं, वाट चुकला असेल.

मग ती फोटोकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात, घरात काही निरोप सांगावा तशी म्हणाली, “ऐकलंत ना? तुम्ही नव्हता आणला.”

ती रडली नाही. मी मात्र आवरू शकलो नाही. निघताना तिने मला कॉफीचा एक डबा दिला. घ्यायची लाज वाटली, पण नाही म्हणणं त्याहून वाईट झालं असतं.

तिथून मी सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. साथीच्या कामाने तिथल्या बाईचे डोळे खोल गेले होते. तिला आधी वाटलं, मी लशीचं विचारायला आलोय. मी जुन्या-नव्या आकड्यांची नोंद, वेळ, मशीनचा क्रमांक, सहा मार्चचा कागद आणि जपानीत लिहिलेलं माझं निवेदन पुढे ठेवलं. त्यात जे झालं ते क्रमाने आहे. तुझं नाव आहे, ओकाबेचं आहे. माझं त्यांच्या आधी आहे. तिने दोनदा वाचलं, आत जाऊन साहेबाला घेऊन आली, त्याने उभ्याउभ्याच वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली. याची एक प्रत सुमिए-सानला मिळेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ती तुम्हीच देऊ शकता, हे तुमचं निवेदन आहे. संध्याकाळी ती प्रत तिच्या दारावरच्या टपालपेटीत टाकली. कंपनीचा राजीनामाही काल दुपारीच पाठवला. तिथे उत्तर काय येईल ते येवो.

तुला सांगितल्याशिवाय केलं, याचं वाईट वाटतं. विचारलं असतं तर तू मला हसवलं असतंस. इथे उतरलो त्या पहिल्या आठवड्यात कचऱ्याच्या पाच पिशव्या समोर मांडून तूच मला जपान शिकवलंस, ते मी विसरलेलो नाही. कल्पनावहिनींना नमस्कार सांग. त्यांना हे माझ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळलं तर बरं. आणि त्या मुलाला कुणी दोष देऊ नये एवढं बघ, अजूनही तुझं तिथे चालत असेल तर.

आता शेवटचं. निवेदनाच्या तळाशी एकच चौकट होती, शेजारी दुसरी नव्हती. बाईने शाईचा पॅड पुढे सरकवला. माझा हात सवयीने डावीकडे वळला. मी तो उचलला, शिक्क्याची वरची बाजू दाखवणारी खूण बोटाने चाचपून वर घेतली आणि सरळ मारला.

हरीश